जानेवारीतली सर्दी आणि अल्डरचे पराग : एका उबदार हिवाळ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण समशीतोष्ण पट्ट्यातील एका नदीकाठच्या गावातले आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, मात्र दर वर्षी सारखाच पडतो असे नाही. रुग्ण हे जमीन-मोजणीचे काम करणारे, पस्तिशी ओलांडलेले गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील थोडे बदलले आहेत. हवामानाचा आणि लक्षणांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण सारे प्रकरण त्या क्रमावरच उभे आहे.

भूर्ज वृक्षाच्या परागांची ॲलर्जी आपल्याला आहे, हे त्यांना बारा वर्षांपासून माहीत होते. त्या भागात भूर्ज एप्रिलमध्ये फुलतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाकातला स्टेरॉइड फवारा सुरू करायचा, एप्रिल-मेमध्ये लागेल तशी अँटिहिस्टामिनची गोळी घ्यायची आणि मेअखेर सगळे बंद करायचे, असा त्यांचा नेम होता. तो नीट चालला होता, आणि नीट चाललेल्या गोष्टीकडे वळून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही, तशी ती त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांनाही वाटली नव्हती.

भूर्ज, अल्डर आणि हेझेल हे तिन्ही वृक्ष एकाच भूर्ज कुलातील आहेत. भूर्जाच्या परागांतील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन ‘बेट व्ही १’ या नावाने ओळखले जाते आणि अल्डर व हेझेल यांच्या परागांत त्याची इतकी जवळची भावंडे असतात की, भूर्जाविरुद्ध तयार झालेले आयजीई प्रतिपिंड, म्हणजे ॲलर्जी घडवून आणणारी रक्तातली प्रथिने, त्यांनाही सहज चिकटतात. म्हणजे ज्याला भूर्ज बाधतो त्याला बहुधा अल्डरही बाधतो. फरक एवढाच की भूर्ज एप्रिलमध्ये फुलतो, तर हेझेल आणि अल्डर हिवाळा सरण्याआधीच, मध्य युरोपासारख्या भागात साधारण जानेवारी ते मार्च या काळात कधीही फुलू शकतात. हे ‘कधीही’ हवामानावर ठरते. अल्डरला पाण्याचा शेजार आवडतो, आणि या गृहस्थांचे त्या हिवाळ्यातले काम नेमके नदीकाठच्या पट्ट्याच्या मोजणीचे होते.

अडचण

त्या वर्षी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून हवा ऊबदारच राहिली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना शिंका येऊ लागल्या. सकाळी अकराच्या सुमारास एका दमात आठ-दहा शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत खाज. ताप नव्हता, अंगदुखी नव्हती. घसा दुखत नव्हता, खवखवत होता. डॉक्टरांनी विषाणूजन्य सर्दी ठरवली, आणि जानेवारीत पहिल्या भेटीला असे ठरवणे गैर म्हणता येणार नाही. दहा-बारा दिवस उलटूनही फरक पडेना, तेव्हा सायनसचा संसर्ग गृहीत धरून प्रतिजैविक देण्यात आले.

प्रकरणातला सर्वांत फसवा भाग इथून सुरू होतो. प्रतिजैविकाच्या तिसऱ्या दिवशी थंडीची लाट आली, दिवसाचे तापमानही शून्याच्या वर जाईना, दोन दिवस बर्फ पडला आणि पुढच्या चार दिवसांत सगळी लक्षणे ओसरली. कागदावर ‘प्रतिजैविकाने गुण आला’ अशी नोंद झाली. रुग्णाचेही तेच मत झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. औषध घेतले आणि बरे वाटले, यापेक्षा पटणारा पुरावा सामान्य माणसाजवळ दुसरा कोणता असणार?

फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी मोडली. बर्फ वितळले आणि पाठोपाठ तीन दिवस लख्ख ऊन, कोरडी हवा व चांगला वारा होता. पहिल्याच दिवशी दुपारी शिंका परतल्या. या वेळी त्या जानेवारीपेक्षा पुष्कळ जोरात होत्या. तिसऱ्या रात्री खोकल्याने झोप मोडली आणि छातीत आवळल्यासारखे वाटू लागले. छातीची तक्रार त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच उद्भवली होती. ‘तेच प्रतिजैविक पुन्हा द्या,’ अशी विनंती घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, बारीक शिटीसारखा आवाज ऐकला आणि त्यांना ॲलर्जी चिकित्सालयाकडे पाठवले. सर्व प्रकरणातला हा पहिला चांगला निर्णय.

मोजणीच्या वहीतले पुरावे

चिकित्सालयात लक्षणांची रोजनिशी मागितली गेली. ती अर्थातच नव्हती. पण मोजणीच्या वहीत रोजच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात हवामान लिहिण्याची त्यांच्या कामातली शिस्त होती, कारण अंतर मोजणाऱ्या यंत्राला तापमान आणि हवेचा दाब सांगावा लागतो. ती वही त्यांनी आणली. जानेवारीतल्या एका पानावर होते : ‘कोरडे, ऊन, नैऋत्येचा वारा, दुपारी ११ अंश. भिंगावर पिवळी धूळ, दोनदा पुसली.’ दुसऱ्या एका पानावर यंत्राच्या तिपाईवर तशीच धूळ बसल्याचा उल्लेख होता. नदीकाठी, भर हिवाळ्यात, ओल्या जमिनीवर पिवळी धूळ कुठून आली, हा प्रश्न त्यांना त्या वेळी पडला नव्हता. ती अल्डरच्या परागांची होती, असे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण तिचा नमुना कोणी ठेवला नाही. पण त्या काठावर दुसरे काही फुललेले नव्हते.

वहीतील पानांशेजारी त्यांना आठवतील तेवढी लक्षणे मांडली. पावसाच्या दोन दिवसांवर काहीच नव्हते. दंवाच्या धुकट सकाळी निभावल्या होत्या. वाईट दिवस सगळे कोरडे आणि उन्हाचे होते. विषाणू असा हवामान पाहून वागत नाही. माझ्या मते निदान इथेच झाले. पुढच्या तपासण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

थंडीने नेमके काय केले

हिवाळ्याचे हवामान परागांवर निदान तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करते आणि त्या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की अंदाज चुकतात.

पहिला टप्पा झाडाच्या आत असतो. अल्डर, हेझेल आणि भूर्ज यांची नर नतकणिशे, म्हणजे लोंबत्या माळांसारखे फुलोरे, आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन फांदीवर मिटून राहतात. त्यामुळे या हंगामात परागांचा साठा किती आहे, हे बऱ्याच अंशी मागच्या उन्हाळ्याने आणि झाडाच्या स्वतःच्या लहरीने ठरवलेले असते. भूर्जाला तर भरघोस आणि किरकोळ वर्षे आलटून-पालटून देण्याची खोडच आहे. जपानमध्ये सुगी वृक्षाच्या परागांचा अंदाज बांधताना आदल्या जुलैचे तापमान पाहतात, ते याच कारणाने. हिवाळा साठा ठरवत नाही, तो मुख्यतः वेळ ठरवतो. मिटलेल्या नतकणिशाला आधी ठरावीक थंडी सोसावी लागते, तेव्हा त्याची गाढ सुप्तावस्था संपते. त्यानंतर पुरेशी ऊब साठली की ते लांबते, सैल होते आणि उघडते. सौम्य हिवाळ्यात थंडीची गरज जेमतेम भागते, पण पुढची ऊब भराभर साठते, म्हणून थंड प्रदेशात एकूण परिणाम फुलोरा लवकर येण्याचा होतो. मुळातच उबदार असलेल्या प्रदेशात मात्र थंडीची गरजच अपुरी राहून फुलोरा लांबू शकतो. ‘उबदार हिवाळा म्हणजे लवकर पराग’ हा नियम सगळीकडे लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा टप्पा परागकोश, म्हणजे फुलातली परागांची पिशवी, उघडण्याचा. परागकोश सुकला की फाटतो. हवा दमट असेल तर तयार असूनही तो मिटून बसतो. इथे केवळ तापमान पाहून भागत नाही. अमेरिकेतील टेक्सासच्या मध्य भागात ‘माउंटन सीडर’ म्हणून ओळखला जाणारा जुनिपर डिसेंबर ते फेब्रुवारीत पराग सोडतो आणि त्याचे ढगासारखे लोट बहुधा थंड, कोरड्या वाऱ्याच्या आगमनानंतर उठतात. म्हणजे ज्या थंडीच्या लाटेने आमच्या रुग्णाला आराम दिला, तशीच लाट तिथल्या रुग्णाला आजारी पाडते. झाड वेगळे, ओलावा वेगळा, म्हणून निकाल उलटा.

तिसरा टप्पा हवेतल्या प्रवासाचा. या झाडांचे परागकण साधारण २० ते ३० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. वारा त्यांना दूरवर नेऊ शकतो आणि भूर्जाचे पराग शेकडो किलोमीटर गेल्याचे पुरावे आहेत. पाऊस आणि बर्फ त्यांना हवेतून खाली उतरवतात. हिवाळ्यातल्या निवांत सकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर आणि त्यावर उबदार हवा अशी उलटी मांडणी झाली, तर जवळच्या झाडांचे पराग वर न जाता माणसाच्या उंचीवरच घोटाळत राहतात; दुपारी ऊन तापले की हवा ढवळली जाते.

आता फेब्रुवारीच्या त्या तीन दिवसांकडे पाहू. जानेवारीत काही नतकणिशे उघडली होती, उरलेली उघडण्याच्या बेतात असताना थंडीने ती थोपवली. घट्ट मिटलेले नतकणिश कडाक्याची थंडी सोसते; लांबून सैल झालेल्याला मात्र दंव इजा करू शकते, त्यामुळे काही माल वाया गेला असेल. पण उरलेला सगळा एकाच रांगेत येऊन थांबला. थंडी मोडल्यावर जे दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे सुटायचे, ते तीन कोरड्या दिवसांत एकदम सुटले. शिवाय जानेवारीतल्या संपर्काने नाक आधीच हुळहुळे झाले होते. ॲलर्जीत आधीच्या संपर्कानंतर पुढची प्रतिक्रिया कमी परागांवरही उठते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि तक्रार छातीपर्यंत उतरली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न तपासणीचा होता. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी अँटिहिस्टामिन साधारण आठवडाभर बंद ठेवावे लागते, नाहीतर पुटकुळी उठतच नाही आणि निकाल खोटा येतो. रात्री खोकणाऱ्या माणसाची गोळी आठवडाभर काढून घ्यायची का? चिकित्सालयाने ती न काढता रक्तातील विशिष्ट आयजीई तपासले. भूर्ज, अल्डर व हेझेल तिन्ही सकारात्मक, धुळीतील माइट, म्हणजे घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म जीव, नकारात्मक. माइटचा निकाल महत्त्वाचा होता, कारण हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि घरातल्या ॲलर्जीचा संशय स्वाभाविकपणे पुढे येतो. श्वसनमापन चाचणीत श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यावर फुंकर लक्षणीय सुधारली, म्हणजे दम्याचा अंश होता.

खरा वाद पुढच्या हिवाळ्यात उपचार केव्हा सुरू करायचे, यावर झाला. रुग्णाचे म्हणणे सरळ होते : १ जानेवारीला फवारा सुरू करू आणि मेपर्यंत मारू. यात काही मोठा धोका नव्हता, पण कडक हिवाळ्यात दोन महिने औषध वाया गेले असते आणि, माझ्या अनुभवात, काही न होता दोन महिने फवारा मारणारा माणूस तिसऱ्या महिन्यात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, तो सोडून देतो.

दुसरा पर्याय परागांच्या जाहीर अहवालावर विसंबण्याचा. असे बहुतेक अहवाल अजूनही हर्स्टच्या सापळ्यावर आधारलेले असतात. जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेले हे यंत्र मिनिटाला १० लिटर हवा आत ओढते आणि कण चिकट पट्टीवर जमा करते. मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजते. आकडा हाती येतो तोवर तो कालचा, कधी गेल्या आठवड्याचा झालेला असतो. तोही दिवसाची सरासरी सांगतो, दुपारचा लोट सांगत नाही. या गावाजवळच्या केंद्राचे काम तर फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होत असे, म्हणजे जानेवारीतला सगळा हंगाम मोजणीच्या बाहेरच राहिला होता.

तिसरा पर्याय झाड आणि तापमान यांकडे पाहण्याचा. रोजच्या सरासरी तापमानातून ५ अंश वजा करायचे आणि उरेल ते हिवाळ्याच्या मध्यापासून जमा करत जायचे. ९ अंशांचा दिवस ४ देतो, ३ अंशांचा दिवस शून्य देतो, जमा झालेले कमी होत नाही. या बेरजेसोबत आठवड्यातून दोनदा काठावरची ठरलेली तीन झाडे पाहायची. नतकणिश कडक, आखूड आणि जांभळट-तपकिरी आहे तोवर वेळ आहे; ते लांबून मऊ पडले आणि बोटाने टिचकी मारल्यावर पिवळा धूर निघाला, तर उशीर झाला आहे. पद्धत पक्की नाही. एका वर्षाची बेरीज हा फक्त एक बिंदू असतो, त्याला उंबरठा म्हणता येत नाही. पण मोजमापाची सवय असलेल्या रुग्णाला ती जमण्यासारखी होती. प्रत्येकाला ती सांगता येणार नाही.

चौथा पर्याय इम्युनोथेरपीचा, म्हणजे भूर्जाच्या परागांचा अंश नियमित देऊन शरीराला सवय लावण्याचा. ती हंगामाच्या काही महिने आधी सुरू करावी लागते आणि साधारण तीन वर्षे चालते. ‘हंगामाच्या चार महिने आधी’ असे ठरवताना हंगाम एप्रिलपासून धरायचा की जानेवारीपासून, हा प्रश्न इथेही आडवा आलाच.

काय केले

फवारा आणि श्वासातून घ्यायचे औषध लगेच सुरू झाले आणि मेअखेरपर्यंत चालले. इम्युनोथेरपी सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू केली, म्हणजे हंगाम जानेवारीचा धरून. तिसरा पर्याय रुग्णाने उत्साहाने स्वीकारला. ‘तुम्ही मला औषध नाही, कामच दिलंत,’ असे ते म्हणाले, आणि मोजणीच्या वहीत हवामानाशेजारी एक नवा रकाना आला.

आणखी एक लहानसा बदल झाला. त्यांचा लोकरी गळपट्टा आणि टोपी पलंगाशेजारच्या खुंटीवर टांगलेली असे. उन्हाळी कपडे रोज धुतले जातात, हिवाळी लोकर महिनोन् महिने तशीच राहते आणि पराग तिच्यात छान अडकून बसतात. ती खुंटी दाराबाहेर हलवली.

निष्पत्ती

दुसरा हिवाळा अगदी वेगळा निघाला. जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्ही गोठलेले होते. थंडीची गरज केव्हाच भागलेली, ऊब मात्र शून्य. नतकणिशे जणू दारात उभी होती. मार्चच्या सुरुवातीला उबदार हवेचा अंदाज आला, त्याच दिवशी फवारा सुरू केला. पण सहाच दिवस मिळाले आणि फवाऱ्याचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन आठवडे लागू शकतात. पहिले दोन दिवस वाईट गेले, नंतर निभावले. त्या वर्षी हेझेल आणि अल्डर जवळजवळ एकदमच फुलले आणि भूर्जाने त्यांच्या पाठोपाठ सुरुवात केली; हंगाम आखूड झाला, पण दाटीचा. छातीची तक्रार उद्भवली नाही.

तिसरा हिवाळा पुन्हा सौम्य होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच बेरीज वाढताना आणि झाडे सैल पडताना दिसली, फवारा सुरू झाला आणि हंगाम किरकोळ शिंकांवर निभावला. हे यश कोणाचे, हे मात्र ठरवता येत नाही. इम्युनोथेरपीचे दुसरे वर्ष चालू होते, फवारा वेळेवर होता, लोकर दाराबाहेर होती आणि त्या वर्षी काठावरच्या झाडांवर नतकणिशेही कमी होती. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर एकीला श्रेय देणे म्हणजे जानेवारीतल्या प्रतिजैविकाची चूक दुसऱ्या नावाने पुन्हा करणे होय.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्या भेटीला, प्रतिजैविक लिहिण्याआधी, तीन प्रश्न पुरेसे होते : खाज आहे का, पावसाच्या दिवशी कसे वाटते, आणि भूर्जाची ॲलर्जी माहीत असताना त्याच्या नातलग झाडांचा विचार केला आहे का? चौथा प्रश्न सफरचंदाचा. कच्चे सफरचंद खाल्ल्यावर या गृहस्थांच्या ओठांना आणि टाळूला वर्षानुवर्षे मुंग्या येत होत्या, शिजवलेल्याने काही होत नव्हते. सफरचंदातील एक प्रथिन बेट व्ही १ सारखेच असते आणि उष्णतेने मोडते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

जुने वेळापत्रक बारा वर्षे तपासले गेले नाही, ही चूक रुग्णाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. उत्तर अमेरिकेतील ६० केंद्रांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० ते २०१८ या काळात तिथला परागहंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला आणि परागांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. ते आकडे या गावाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण एकदा ठरवलेली तारीख बारा वर्षे कशी टिकेल, ही शंका घ्यायला पुरेसे आहेत.

दुसऱ्या हिवाळ्यात सहाच दिवस मिळाले, ही चूक मात्र चिकित्सालयाचीच धरावी लागेल. थंडी लांबली की झाडे तयार होऊन थांबतात हे माहीत असूनही, फवारा उबदार हवेचा अंदाज येईपर्यंत राखून ठेवला. लांबलेल्या थंडीत झाड पाहून काही कळत नाही, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत ते कडकच दिसते. अशा वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, हवा गोठलेली असली तरी, औषध सुरू करणे शहाणपणाचे ठरले असते. आता तसा शेरा त्यांच्या कागदावर आहे.

पहिल्या वर्षीची ‘प्रतिजैविकाने गुण आला’ ही नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली, नंतरची तारीख घालून, एक ओळ जोडली आहे : ‘त्या चार दिवसांत दिवसाचे तापमान शून्याखाली होते व बर्फ पडले होते.’